'पेज टर्न'ला मराठीत काय म्हणावं?

टाचण
चित्रपुस्तक कसं रचावं यावरच्या एका मार्गदर्शिकेचा अनुवाद चालू आहे आणि एका नामापाशी अडलं आहे. उजव्या पानाच्या तळाशी वाक्य अर्धवट थांबतं, मूल पान उलटतं आणि पुढे उत्तर मिळतं. उदा. उजवीकडे 'मनीनं टोपलीत डोकावून पाहिलं. आत होती...' आणि उलटल्यावर जोडपानभर (समोरासमोरच्या दोन्ही पानांवर मिळून) सात पिल्लं. तो थांबा, ती उत्सुकता आणि हाताची ती हालचाल, या सगळ्याला मिळून 'पेज टर्न'. 'पान उलटणे' घातलं तर 'चौथ्या पान उलटण्यावर धक्का ठेवा' असली बोजड वाक्यं होतात. खांदेपालटच्या चालीवर 'पानपालट' चालेल का? शिवाय त्याच परिच्छेदात 'लीफ' १६ आणि 'पेज' ३२ आहेत. दोन्हींना पान म्हटलं तर घोळ होतो.

उभादंड
पानपालट नको. हवापालट, खांदेपालट यांत एक जाऊन दुसरं येतं. इथे पान तेच राहतं, फक्त बाजू फिरते. 'पानउलट' म्हणा.
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तर भाषेतच आहे. लीफ म्हणजे पान, पेज म्हणजे पृष्ठ. पर्णाचं पान झालं आणि एका पानाला दोन पृष्ठं. पोथीत अंक पानाला एकच असतो, म्हणून संदर्भ देताना ५अ, ५ब लिहावं लागतं. इतका स्वच्छ भेद हाताशी असताना तो पुसून का टाकायचा?

कानामात्रा
कारण तो बोलण्यात उरलेलाच नाही. 'पान ४२ बघा' म्हटल्यावर ८३वं पृष्ठ कोण काढतं? वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावरची बातमी म्हणजे शेवटच्या पृष्ठावरचीच. आणि मुळाकडेच जायचं तर पृष्ठ म्हणजे पाठ. अंगाची 'पाठ' याच शब्दातून आली. मग मुखपृष्ठ म्हणजे तोंडाची पाठ म्हणायची? व्युत्पत्तीवर अर्थ चालत नाही, वापरावर चालतो. पेजला पानच ठेवा आणि लीफ आलं की 'पाठपोट छापलेला कागद' असं उलगडून लिहा. पाठपोट, पाठकोरा हे जिवंत शब्द आहेत.

खिळेजुळणी
'कागद' म्हटलं की छापखान्यात अख्खा शीट समजतात, तेव्हा तेही जपून. छपाईत ३२ पानी म्हणजे ३२ पृष्ठं, म्हणजे १६ पानी दोन फर्मे (फर्मा म्हणजे एकाच शीटवर छापून दुमडलेला पानांचा गठ्ठा). शंका नको असेल तर ऑर्डरवर 'मजकूर ३२ पृष्ठे + कव्हर ४ पृष्ठे' असंच लिहावं. पान या शब्दाचे दोघांनी दोन अर्थ घेतले की एकाचा हिशेब थेट दुप्पट होतो.

पण मूळ मुद्दा शब्दापेक्षा मोठा आहे. ३२ पृष्ठांत १ वर शीर्षक, २ वर प्रकाशनाचा तपशील, ३ वर अर्पणपत्रिका. गोष्ट ४-५ च्या जोडपानापासून सुरू होते. ४-५ ते ३०-३१ अशी १४ जोडपानं मिळतात आणि ३२वं पृष्ठ एकटं उरतं. अस्तराचा कागद (कव्हरला आतून चिकटवतात तो) याच ३२ मधून काढला तर जोडपानं आणखी घटतात. आता शेवटच्या घडीला कोणी अर्पणपत्रिका काढून गोष्ट एक पृष्ठ अलीकडे सरकवली असं समजा. ७ वरचा प्रश्न ६ वर येतो, ८ वरचं उत्तर ७ वर. दोन्ही समोरासमोर! मूल आधी चित्र बघतं, त्यामुळे मोठ्यांनी वाक्य वाचायच्या आधीच पिल्लं दिसून जातात. आणि पिल्लांचं चित्र ८-९ असं जोडपानी असेल तर ते ७-८ वर जातं. म्हणजे अर्धी टोपली कागदाच्या एका बाजूला, अर्धी त्याच कागदाच्या पाठीवर.

यावर उपाय एकच, डमी. एफोर आकाराचे ८ कागद एकात एक घालून मधोमध दुमडले की ३२ पृष्ठं होतात. त्यांवर अंक घाला, मजकूर कापून चिकटवा आणि मोठ्यानं वाचत पानं उलटा. आवाज जिथे थांबतो तिथेच हात उठला पाहिजे. संगणकावर जोडपानं एकाखाली एक सरकत राहतात, म्हणून ही चूक पडद्यावर दिसत नाही.

टाचण
फार उपयोगी. म्हणजे 'आवाज थांबतो तिथे हात उठला पाहिजे' या वाक्यातल्या त्या जागेला काय म्हणायचं, हाच माझा प्रश्न आहे.

अर्धचंद्र
फर्मा हा फर्मानचाच भाऊ असावा ना? ठरवून दिलेला, हुकमी आकार.

कानामात्रा
नुसत्या उच्चाराच्या साम्यावर नातं जुळवू नका. फर्मान म्हणजे आज्ञा, फारसीतून आलेला शब्द. छपाईतला फर्मा इंग्रजी 'फॉर्म'शी जोडणं अर्थाच्या दृष्टीनं जास्त सरळ आहे.

उभादंड
असेल, पण तो मराठीत मुरला. 'पेज टर्न' मुरलेला नाही, म्हणूनच आत्ता नीट घडवता येईल. 'पानपलट'ही कोणी सुचवेल, पण पान पलटणं हा हिंदीचा प्रभाव. मराठीत पान उलटतात.

अर्धचंद्र
'नशीब पालटलं', 'डाव पलटला' हे मराठीच आहे की. मला पानपालट कानाला गोड लागतो. पानउलटमध्ये 'उलट' शेवटी येतो, त्यामुळे पान चुकीच्या बाजूनं छापलंय असं वाटतं.

खिळेजुळणी
मोठ्यांच्या पुस्तकात हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण तिथे मजकूर वाहता असतो. तिथे फर्म्याची चिंता वेगळी. कादंबरी २११ पृष्ठांची भरली की १३ फर्म्यांवर (२०८) ३ पृष्ठं जास्त होतात. १४वा फर्मा घेतला तर १३ कोरी राहतात, ८ पानी अर्धा फर्मा घेतला तरी ५ उरतात. अशा वेळी आधी प्रकरणांच्या शेवटी दोन-तीन ओळीच सांडलेली पृष्ठं शोधावीत. परिच्छेदातला एखादा शब्द कमी केला की ओळ वर चढते आणि अख्खं पृष्ठ वाचतं. प्रत्येक प्रकरण उजवीकडेच सुरू करायचा हट्ट सोडला तर आणखी काही मिळतात. टाइप बारीक करणं हा सर्वांत वाईट मार्ग.

कानामात्रा
'उजवीकडे' वरून आठवलं, टाचण, मार्गदर्शिकेत 'उजवं पान' हा शब्द जपून घाला. उर्दू पुस्तक उलट्या बाजूनं उघडतं, तिथे उत्कंठेची जागा डाव्या पानाच्या शेवटी येते. 'विषम पृष्ठ' म्हटलं तर दोन्हीकडे बसतं.

उभादंड
पाहिलंत? गरज पडली तेव्हा तुम्हीही पृष्ठच म्हणालात.

कानामात्रा
'विषम पान'ही चालेल. मुद्दा विषमचा होता.

टाचण
तूर्त कच्च्या खर्ड्यात 'पानपालट' ठेवते आणि पहिल्या वापरापाशी अर्थ देते. खिळेजुळणी, एक विचारते: जोडपानी चित्रात पिल्लांचे चेहरे मधल्या घडीपासून किती लांब ठेवायचे?

खिळेजुळणी
ते बांधणीवर आहे. मध्ये पिना मारलेलं पुस्तक जवळपास सपाट उघडतं, तिथे फार जात नाही. गोंदाच्या बांधणीत मात्र घडीजवळचा भाग गिळला जातो. त्याच कागदाची, त्याच जाडीची कोरी बांधलेली प्रत मागवा, तिच्या मधल्या पानावर पेन्सिलीनं घडीपर्यंत रेघा ओढा आणि सहज उघडल्यावर कुठपर्यंतच्या दिसतात ते मोजा. आणि हो, बाहेरच्या तिन्ही कडांना ३ मिमी ब्लीड, म्हणजे छाटणीत कापून जाणारा चित्राचा जास्तीचा भाग, सोडायला विसरू नका.