पाण्यातल्या पालकाची मुळं तपकिरी पडलीयेत, काय चुकतंय?

प्रश्न:
नमस्कार मंडळी. ठाण्यात फ्लॅट आहे, गॅलरी नाही, म्हणून किचनच्या खिडकीत पालक आणि लेट्यूस मातीशिवाय लावलेत, क्रॅटकी पद्धतीने, म्हणजे पंप बिंप काही नाही, 5 लिटरचे पारदर्शक डबे, झाकणाला भोकं पाडून नेट पॉट (जाळीच्या छोट्या कुंड्या) अडकवलेत. खत 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारखंच असलेलं), लिटरला 1 ग्रॅम. पहिले पंधरा दिवस मस्त वाढलं, आता लेट्यूसच्या कोवळ्या पानांच्या कडा करपतायत, डब्याला आतून हिरवा थर आलाय आणि काल झाकण उचललं तर मुळं तपकिरी, बुळबुळीत, वास मारतोय. पाणी जरा कमी झालं की मी लगेच काठोकाठ भरते, तरी असं का? फार जीव लावलाय हो, प्लीज सांगा.

उत्तर 1:
ताई, काठोकाठ भरता तिथेच घोळ आहे. अमेरिकेतल्या हवाई विद्यापीठाच्या बर्नार्ड क्रॅटकींची ही पद्धत पाणी कमी होण्यावरच चालते. पाणी खाली गेलं की वरची मुळं हवेत उघडी पडतात, त्यांना बारीक लव येते आणि झाड त्यांच्यातूनच श्वास घेतं. परत वरपर्यंत पाणी भरलं की ती मुळं गुदमरतात आणि मग सडतात. सुरुवातीला पाणी नेट पॉटच्या बुडाला लागेल एवढं, नंतर भरायचंच झालं तर अर्ध्या डब्यापर्यंतच.
आणि डबा काळा करा! उजेड आणि खत दोन्ही मिळालं की शेवाळ येणारच. मी बाहेरून काळा रंग मारून वर पांढरा दिला, म्हणजे उन्हाने तापत पण नाही. पाणी 25 अंशांच्या वर गेलं की त्यात ऑक्सिजन कमी राहतो आणि मूळकूज पटकन धरते.

उत्तर 2:
वरचं सगळं बरोबर, पण खताचं राहिलं. 19:19:19 मधलं अर्ध्याहून जास्त नत्र युरियातलं असतं, मातीतले जिवाणू त्याचं झाडाला घेता येईल अशा रूपात रूपांतर करतात, तुमच्या डब्यात ते काम कोण करणार? शिवाय त्यात कॅल्शियम नाही, कडा करपतायत ते बहुतेक त्यामुळेच. हायड्रोपोनिक्सचं ए आणि बी असं दोन बाटल्यांचं खत मिळतं ते घ्या. दोन्ही घट्ट द्रावणं एकमेकांत कधीच ओतू नका, एकातलं कॅल्शियम दुसऱ्यातल्या फॉस्फेट-सल्फेटला धरून पांढरा साका बनून खाली बसतं. आधी बादलीभर पाण्यात ए टाकून नीट ढवळायचं, मग बी. पीएच (पाण्याचा आंबटपणा) 5.5 ते 6.5 मध्ये ठेवा, लेट्यूसला ईसी (पाण्यात खत किती विरघळलंय त्याचं माप) 1 च्या आसपास पुरे. पालकाला जास्त लागतं, त्याचा डबा वेगळाच ठेवा.

उत्तर 3:
एक कळकळीची विनंती, झाकणाची रिकामी भोकं बुजवा. साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचे डास अंडी घालतात, घरात लहान मुलं असतील तर अजिबात हयगय नको.

प्रश्नकर्ती:
खूप खूप आभार सगळ्यांचे. आज सडलेली मुळं कात्रीने कापली, डबे घासून धुतले, तूर्तास फॉइल गुंडाळलंय आणि भोकांवर टेप लावली. पालकाची दोन रोपं गेली, पण एका लेट्यूसला देठाजवळ तांदळाएवढी दोन पांढरी मुळं नव्याने फुटलीयेत. ए-बी खत मागवलंय, पंधरा दिवसांनी इथेच फोटो टाकते.