मदत हवी आहे : कागदी तिकिटे बंद करून स्मार्ट कार्ड सक्तीचे होताना प्रवाशांनी कोणत्या अटींचा आग्रह धरावा?

नमस्कार.

एका परिवहन सेवेने कागदी तिकिटे टप्प्याटप्प्याने बंद करून सर्व प्रवाशांसाठी स्मार्ट कार्ड सक्तीचे करण्याचा प्रस्ताव मांडला असून त्यावर नागरिकांच्या हरकती व सूचना मागवल्या आहेत. आमच्या प्रवासी संघटनेच्या वतीने निवेदनाचा मसुदा तयार करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. आतापर्यंतच्या बैठकांत चर्चा दोन टोकांनाच अडकून पडली. कागदाला कवटाळून बसण्यात अर्थ नाही, असे एका गटाचे म्हणणे आहे, तर कार्ड म्हणजे पाळत, म्हणून ते नकोच, असे दुसऱ्याचे. मला दोन्ही भूमिका अपुऱ्या वाटतात. कार्ड जरूर यावे. परंतु ते चालले नाही, हरवले, रिकामे झाले किंवा एखाद्याकडे नसलेच, तर त्याचा भुर्दंड कोणी सोसायचा हे आधी लेखी ठरावे आणि मगच कागदी तिकीट बंद व्हावे, असे माझे मत आहे. या अटी नेमक्या कोणत्या असाव्यात आणि कोणत्या शब्दांत मागाव्यात, यासाठी तिकीट व्यवस्थेत काम केलेल्या किंवा असा बदल जवळून पाहिलेल्या सदस्यांची मदत हवी आहे.

कार्डाचे फायदे खरे आहेत आणि ते मान्य केल्याशिवाय आपले निवेदन कोणी गांभीर्याने वाचणार नाही. हाँगकाँगमध्ये ऑक्टोपस कार्ड १९९७ मध्ये सुरू झाले, पूर्व जपानच्या रेल्वे कंपनीने सुइका २००१ मध्ये आणले, लंडनचे ऑयस्टर २००३ मध्ये आले. सुइकामागच्या फेलिका तंत्रात एक व्यवहार सुमारे ०.१ सेकंदात उरकतो. गर्दीच्या वेळी दारापाशी सुट्ट्या पैशांवरून होणारा खोळंबा टळला की गाडी थांब्यावर कमी वेळ उभी राहते आणि त्याच गाड्यांमध्ये अधिक फेऱ्या बसवता येतात. शिवाय लंडनप्रमाणे दिवसभराच्या एकूण भाड्याला कमाल मर्यादा घालून त्यापुढचा प्रवास फुकट ठेवणे कार्डामुळे सहज जमते. रोज अनेक गाड्या बदलणाऱ्या कष्टकऱ्याला याचा थेट लाभ होतो आणि सुट्या कागदी तिकिटांवर हा हिशेब ठेवणे जवळजवळ अशक्य आहे.

अडचण सुरू होते ती व्यवहार फसतो तेव्हा. नेहमीच्या कार्डात बॅटरी नसते. यंत्राच्या चुंबकीय क्षेत्रातून मिळणाऱ्या ऊर्जेवर आतली चिप जागी होते, यंत्राशी ओळख पटवते, शिल्लक सांगते आणि नवी शिल्लक लिहून घेते. नेमक्या लिहिण्याच्या क्षणी गर्दीच्या रेट्याने हात मागे गेला, तर व्यवहार अर्धवट राहतो. यंत्राने काहीतरी आवाज केलेला असतो, मागचे लोक ढकलत असतात, आणि पैसे कापले गेले की नाही हे प्रवाशाला कळत नाही. बसमधले यंत्र दिवसभर मुख्य प्रणालीशी जोडलेले असेलच असेही नाही. अनेक व्यवस्थांत दिवसाच्या नोंदी गाडी आगारात परतल्यावर उतरवल्या जातात. त्यामुळे कार्डावर घरून भरलेली रक्कम त्या यंत्राला लगेच ठाऊक होत नाही आणि पैसे भरूनही प्रवासी शिल्लक नसलेला ठरतो. कागदी तिकिटावर तारीख, टप्पा आणि भाडे छापलेले असते आणि तपासनीसाने हटकल्यावर ते पुढे करता येते. कार्डधारकाजवळ मात्र दाखवण्यासारखे काही उरत नाही, कारण सगळा पुरावा समोरच्या पक्षाच्या यंत्रात असतो. माझ्या मते या बदलातली सर्वांत गंभीर गोष्ट हीच आहे आणि बैठकांत तिच्यावर सर्वांत कमी बोलले गेले.

उतरताना कार्ड पुन्हा टेकवण्याची पद्धत असेल, तर प्रश्न आणखी बिकट होतो. नेदरलँड्समध्ये १९८० पासून चालत आलेली कागदी पट्टीची तिकिटे २०११ मध्ये पूर्णपणे बंद झाली आणि त्यांची जागा ओव्ही-चिपकार्डने घेतली. त्या व्यवस्थेत चढताना एक ठरावीक रक्कम कार्डातून अडकवून ठेवली जाते आणि उतरताना खरे भाडे कापून उरलेली परत केली जाते. उतरताना कार्ड टेकवायचे राहिले, तर ती सगळी रक्कम जाते. ती परत मिळवण्यासाठी प्रवाशांना अर्ज करता यावा म्हणून तिथे खास संकेतस्थळ काढावे लागले. पैसे कापले जातात आपोआप, मात्र परत मिळवायचे तर अर्ज करावा लागतो, ही विषमता मला मान्य नाही. ज्याला अर्ज करण्यासाठी वेळ, साधने किंवा अक्षरओळख नाही, त्याचे पैसे बुडतात आणि ते बुडाल्याची नोंदही तक्रारींच्या आकड्यांत दिसत नाही.

क्वचित प्रवास करणाऱ्यांचाही विचार व्हायला हवा. मेलबर्नमध्ये २०१२ च्या अखेरीस जुनी तिकिटे बंद होऊन मायकी कार्ड एकमेव उरले, तेव्हा एका वेळेपुरत्या तिकिटाची सोयच ठेवलेली नव्हती. एका फेरीपुरता शहरात आलेल्या माणसालाही परत न मिळणारी किंमत देऊन कार्ड घ्यावे लागे आणि त्यावर पुढे अनेक वर्षे टीका होत राहिली. याउलट लंडनच्या बसमध्ये ६ जुलै २०१४ पासून रोख भाडे घेणे थांबवले गेले, त्याआधीच रोखीने भाडे देणाऱ्यांचे प्रमाण सुमारे १ टक्क्यावर आले होते, बँकेचे संपर्करहित कार्डही २०१२ च्या डिसेंबरपासून बसमध्ये चालत होते आणि भाड्यापेक्षा शिल्लक कमी असली तरी ऑयस्टरवर आणखी एक फेरी करू देण्याची तरतूद त्याच वेळी केली गेली. अडचणीत सापडलेल्या दुर्बल प्रवाशाला रस्त्यावर सोडून देऊ नये, अशा सूचनाही चालकांना दिल्या गेल्या. त्याही बदलावर आक्षेप आले होते, पण क्रम योग्य होता असे मला वाटते : पर्याय आधी, बंदी नंतर.

आता पाळतीचा मुद्दा. नावे काढून टाकली की माहिती निनावी होते, असे उत्तर आम्हाला एका बैठकीत मिळाले. ते पुरेसे नाही. मेलबर्नमध्येच २०१८ साली दीड कोटीहून अधिक मायकी कार्डांच्या तीन वर्षांतल्या नोंदी नावे व मूळ क्रमांक वगळून एका माहिती-विश्लेषण स्पर्धेसाठी खुल्या केल्या गेल्या. तिथल्या विद्यापीठातील संशोधकांनी आपल्याला ठाऊक असलेल्या मोजक्या प्रवासांवरून आधी स्वतःची कार्डे शोधली, मग एका सहकाऱ्याचे आणि पुढे समाजमाध्यमावरच्या नोंदींवरून एका आमदाराचेही कार्ड ओळखून दाखवले. एखाद्याबरोबर आपण एकदा-दोनदा प्रवास केला असेल, तर त्या नोंदींतून त्याचा उरलेला सगळा दिनक्रम उलगडू शकतो. छळ करणाऱ्या जोडीदारापासून दूर राहणाऱ्या स्त्रीसाठी याचा अर्थ काय होतो, हे वेगळे सांगायला नको. हाँगकाँगमध्ये २०१० साली ऑक्टोपसच्या कंपनीने सुमारे वीस लाख ग्राहकांची वैयक्तिक माहिती व्यापारी भागीदारांना पैसे घेऊन दिल्याचे उघड झाले आणि कंपनीच्या मुख्य अधिकाऱ्यांना पद सोडावे लागले. म्हणजे भीती काल्पनिक नाही.

तेव्हा मला विशेषतः पुढील बाबींवर मार्गदर्शन हवे आहे. यंत्र बंद असल्यास प्रवाशाला विनाभाडे किंवा कागदी तिकिटावर नेण्याचे बंधन कोणत्या शब्दांत घालावे, म्हणजे पळवाट राहणार नाही? निनावी कार्डाची मागणी करताना सवलतीच्या पासधारकांचे काय करावे, कारण वय किंवा अपंगत्व पडताळावेच लागते? आणि कागदी तिकीट बंद करण्याची तारीख मागावी की आणखी काही?

आपल्या उत्तरांची वाट पाहते.
रेवा

प्रतिसाद : तिसरा_टप्पा

रेवाताई, मी तिकीट यंत्रांच्या देखभालीत बरीच वर्षे काढली आहेत, म्हणून आधी एक खुलासा. शिल्लक कार्डाच्या चिपमध्ये राहणार की मुख्य प्रणालीतल्या खात्यात, हे प्रस्तावात स्पष्ट लिहिले आहे का, ते पाहा. पहिल्या पद्धतीत संपर्क तुटला तरी यंत्र भाडे कापू शकते, मात्र हरवलेल्या कार्डावरची रक्कम वाचवायची तर ते कार्ड बाद झाल्याची यादी प्रत्येक यंत्रापर्यंत पोहोचावी लागते. दुसऱ्या पद्धतीत भरलेले पैसे लवकर वापरता येतात आणि हरवलेल्या कार्डाचा प्रश्न सोपा होतो, परंतु प्रत्येक हालचालीची नोंद एका ठिकाणी साठते. आपल्या अटी यावर अवलंबून राहतील, त्यामुळे हा प्रश्न निवेदनाच्या अगदी सुरुवातीला लेखी विचारा.

यंत्र बंद असण्याबाबत ‘शक्यतो’ किंवा ‘वाहकाच्या विवेकानुसार’ असे शब्द येऊ देऊ नका. वाहकाच्या विवेकावर सोडले की पुढे खात्याकडून त्यालाच जाब विचारला जातो आणि तो धोका पत्करत नाही. असे लिहा : ‘गाडीतील यंत्र कोणत्याही कारणाने कार्ड वाचू शकत नसल्यास प्रवाशाने भाडे भरले आहे असे गृहीत धरले जाईल आणि त्याच्याकडून दंड घेतला जाणार नाही.’ त्याबरोबर प्रत्येक गाडीत कागदी तिकिटांचा राखीव साठा ठेवण्याची आणि मागणाऱ्याला पावती छापून देण्याची अट घाला. पावतीची मागणी खर्चिक म्हणून नाकारली जाईल, तरी सोडू नका. सर्वांना नको, मागेल त्यालाच द्या, असे म्हटले की खर्च फारसा राहत नाही.

कार्डाच्या सुरक्षिततेविषयीही विचारा. २००८ मध्ये नेदरलँड्सच्या राडबाउड विद्यापीठातील संशोधकांनी मायफेअर क्लासिक या चिपचे संरक्षण भेदून दाखवले. ओव्ही-चिपकार्ड आणि तेव्हाचे ऑयस्टर याच चिपवर चालत होते. उत्पादक कंपनीने संशोधन प्रसिद्ध होऊ नये म्हणून न्यायालयात धाव घेतली, पण न्यायालयाने प्रकाशनाला परवानगी दिली. स्वस्त पडते म्हणून जुनी चिप घेतली जाणार नाही, एवढे लेखी आश्वासन तरी हवे.

प्रतिसाद : माधवी_क

एक मुद्दा सुटला आहे. कागदी पद्धतीत एक माणूस पाच जणांची तिकिटे काढू शकतो. अनेक व्यवस्थांत एका कार्डावर एका वेळी एकच प्रवासी चालतो, त्यामुळे आजारी माणसाला घेऊन निघालेले कुटुंब किंवा लहान मुलांना नेणारी शिक्षिका अडकते. एका कार्डावर अनेकांचे भाडे कापता यावे, ही मागणी अवश्य घाला.

प्रतिसाद : समांतर

मी बदलाच्या बाजूचा आहे, म्हणून थोडा विरोधी सूर लावतो. कागद आणि कार्ड दोन्ही अनिश्चित काळ चालू ठेवले, तर छपाई, रोकड मोजणी, हिशेब तपासणी आणि नवी यंत्रे असा दुहेरी खर्च होतो आणि तो शेवटी भाड्यातूनच निघतो. त्यामुळे ‘कागद कधीच बंद करू नका’ असे म्हणू नका. तारीखही मागू नका, कारण ती तारीख आली की तयारी असो वा नसो, बंदी येते. त्याऐवजी मोजता येतील अशा कसोट्या मागा. रोखीने भाडे देणाऱ्यांचे प्रमाण सलग काही महिने ठरावीक पातळीखाली राहिले पाहिजे, रोख पैशाने कार्ड भरण्याची केंद्रे चालत जाण्याच्या अंतरावर असली पाहिजेत आणि यंत्रांच्या बिघाडाचे आकडे दरमहा जाहीर झाले पाहिजेत. या अटी पुऱ्या झाल्या की कागद थांबवायला माझी हरकत नाही.

राखीव कागदी साठ्याच्या सूचनेला मात्र माझा पूर्ण पाठिंबा आहे. २०२३ च्या जूनमध्ये चिपच्या तुटवड्यामुळे जपानमध्ये नोंदणी न केलेल्या सुइका आणि पास्मो कार्डांची विक्री थांबवावी लागली होती. इतक्या मुरलेल्या व्यवस्थेलाही नवी कार्डे मिळेनाशी होऊ शकतात.

प्रतिसाद : रेवा

सर्वांचे मनापासून आभार. समांतर, कसोट्यांची सूचना मी मसुद्यात घेत आहे, फक्त एक भर घालून. रोखीचे सरासरी प्रमाण सर्व मार्गांचे मिळून काढले, तर जिथे अजून निम्मे लोक रोख देतात असा एखादा मार्ग त्या सरासरीत लपून जाईल. म्हणून कसोटी प्रत्येक मार्गावर स्वतंत्रपणे लावावी, असे मी लिहीन. माधवीताई, एका कार्डावर अनेकांचे भाडे हा मुद्दाही घेतला आहे.

सवलतीच्या पासबाबत वाचताना पॅरिसचे उदाहरण सापडले. तिथे माहिती संरक्षणाच्या सरकारी आयोगाच्या आग्रहानंतर २००७ मध्ये नाविगो पासचा असा प्रकार आला, ज्यात धारकाचे नाव संगणकात नोंदले जात नाही. नाव प्रवासी स्वतः सोबतच्या पत्रावर लिहितो, छायाचित्र स्वतः चिकटवतो आणि तपासनीस ते डोळ्यांनी पडताळतो. मात्र नावनोंदणीचा पास फुकट आणि हा विकत, असा भेद ठेवल्याबद्दल त्याच आयोगाने पुढे नाराजी व्यक्त केली. त्यावरून मी असे कलम लिहिले आहे : ‘नाव न नोंदवता मिळणाऱ्या कार्डाची किंमत, भाडे आणि सवलती नोंदणीकृत कार्डापेक्षा कोणत्याही प्रकारे कमी लाभाच्या नसतील. सवलतीची पात्रता एकदा कागदपत्रे पाहून पडताळली जाईल, पण त्या कागदपत्रांची जोड प्रवासाच्या नोंदींशी दिली जाणार नाही.’

तिसरा_टप्पा, या शेवटच्या वाक्याबद्दल आपल्याला विचारायचे आहे. कार्ड सवलतीचे आहे एवढीच खूण चिपमध्ये ठेवून धारकाची ओळख पूर्ण बाजूला ठेवणे यंत्रांच्या दृष्टीने शक्य आहे का, आणि असे कार्ड हरवल्यास त्यावरची शिल्लक नव्या कार्डावर कशी वळवता येईल? हे कळले की मसुदा संघटनेच्या बैठकीत ठेवता येईल.