लेन्स नाकापाशी निसटते ती खाचेच्या वक्रतेमुळे

थ्रीडी प्रिंट केलेल्या स्पोर्ट्स गॉगलच्या दोन अडचणी आहेत: लेन्स नाकापाशी निसटते आणि काडी बिजागरीशी तुटते.

पहिलीचं मूळ वक्रतेत शोधा. अशा गॉगलची लेन्स बहुधा ८ बेसची असते (बेस म्हणजे वक्रतेचा आकडा, जितका मोठा तितकी वक्रता जास्त), म्हणजे साधारण ६६ मिमी त्रिज्येच्या गोलाचा तुकडा. लेन्स बसते ती फ्रेममधली खाच ६ बेसवर (८८ मिमी त्रिज्या) काढली असेल तर लेन्स ताणात राहते आणि फ्रेम जरा पिळली की नाकाकडची कड बाहेर येते. म्हणून कॅडमध्ये (संगणकावरच्या आराखड्यात) आधी ६६ मिमी त्रिज्येचा गोल काढा, फ्रेमचा पुढचा भाग त्यावरूनच कापा. २ मिमी जाडीच्या पॉलिकार्बोनेट लेन्सला २.२ मिमी रुंद, सव्वा मिमी खोल खाच पुरते.

दुसऱ्या अडचणीसाठी काडी आडवी झोपवून छापा. उभी छापली की छपाईचे थर नेमके बिजागरीच्या स्क्रूपाशी सुटतात. पीएलए हे छपाईचं नेहमीचं प्लास्टिक फक्त फिटिंग बघण्यापुरतं. ६० अंशांच्या आसपास ते मऊ पडतं, उन्हातल्या गाडीत काड्या फाकतात. वापरायचा नमुना पीए१२ नायलॉनमध्येच काढा.

आणि कृपा करून लेन्सजवळ सुपरग्लू नको! वाफेने कडेला पांढरी धुरकट पट्टी बसते, आणि ती अ‍ॅसिटोनने पुसायला गेलात तर पॉलिकार्बोनेटला बारीक तडे जातात.