विजया मेहता : ‘रंगायन’नंतरची वाट माघारीची होती का?

प्रश्न : तालीमघर

१९६० साली ‘रंगायन’ ही प्रायोगिक नाट्यसंस्था उभी करणाऱ्यांमध्ये विजया मेहता होत्या. फ्रेंच नाटककार आयनेस्कोचे ‘खुर्च्या’ आणि चिं. त्र्यं. खानोलकरांचे ‘एक शून्य बाजीराव’ त्यांनी तिथेच बसवले. पुढे सत्तरच्या दशकात त्या जयवंत दळवींची नाटके घेऊन व्यावसायिक रंगभूमीवर आल्या. आमच्या हौशी गटातील काही ज्येष्ठ याला माघार म्हणतात. मला ते पटत नाही, परंतु नेमके का, हे नीट मांडता येत नाही. जाणकारांनी कृपया लिहावे.

प्रतिसाद : तिसरी घंटा

‘माघार’ हा शब्द मला अन्यायाचा वाटतो. ‘खुर्च्या’ आणि दळवींचे ‘संध्याछाया’ ही नाटके शेजारी ठेवून पाहा. एकात म्हातारे जोडपे न दिसणाऱ्या पाहुण्यांसाठी खुर्च्या मांडत सुटते आणि अखेरीस रंगमंच खुर्च्यांनी भरून जातो. दुसऱ्यात मुले दूर गेलेल्या घरात नाना आणि नानी माणसांची वाट पाहत दिवस ढकलतात. एकाकीपण तेच आहे, फक्त ते आता मराठी मध्यमवर्गीय घरात आले आहे. १९७३ मध्ये नानी रंगवताना विजयाबाईंनी चाळिशीही गाठली नव्हती, हेही लक्षात घ्यावे.

‘खुर्च्या’तील एक प्रवेश आम्ही बसवला होता. अदृश्य पाहुण्याशी बोलताना माझी नजर छातीच्या उंचीवर, तर सहकलाकाराची डोक्याच्या वर जाई. त्यामुळे पाहणाऱ्याला एका पाहुण्याचे दोन पाहुणे दिसत. शेवटी खुर्चीच्या पाठीला काठी बांधून तिच्या टोकाला रुमाल लावला आणि आठवडाभर त्या रुमालाशी बोललो. अशी शिस्त अंगात भिनलेला दिग्दर्शक नाट्यगृह बदलले म्हणून ती टाकून देत नाही.

प्रतिसाद : गवाक्ष

सहमत. शिवाय ‘संध्याछाया’च्या सुमारासच त्यांनी जर्मन दिग्दर्शक फ्रित्झ बेनेविट्झ यांच्या सहकार्याने नाटककार ब्रेख्तचे ‘अजब न्याय वर्तुळाचा’ केले, म्हणजे प्रयोग थांबलेलाच नव्हता.

दळवींच्याच ‘बॅरिस्टर’चे दिग्दर्शन करताना मावशीची भूमिकाही त्यांनीच केली. प्रवेशाचा तोल बाहेरून जोखायचा आणि त्याच प्रवेशात विरघळूनही जायचे, हे फार थोड्यांना साधते. याच नाटकावरील ‘रावसाहेब’ या चित्रपटातील मावशीसाठी त्यांना सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

प्रतिसाद : तालीमघर

दोघांचेही मनापासून आभार. ‘वाडा चिरेबंदी’ याच वाटेवरचे मानावे का?

प्रतिसाद : तिसरी घंटा

निश्चितच. महेश एलकुंचवारांचे ते नाटक विजयाबाईंनी १९८५ मध्ये व्यावसायिक रंगभूमीवर आणले. त्यात टाळ्यांची वाक्ये नाहीत; आहे ते वडिलांच्या तेराव्याचा खर्च कोणी करायचा, दागिने कोणाकडे राहणार आणि दारात गंजत पडलेल्या ट्रॅक्टरचे काय करायचे, याभोवती कुढत राहिलेले वऱ्हाडातील देशपांड्यांचे घर. तुमच्या ज्येष्ठांना या नाटकाच्या पहिल्या अंकाचे वाचन करायला लावा आणि यात माघार नेमकी कुठे दिसते, ते त्यांनाच विचारा.