एकदा पुडी घेतली म्हणजे बाप मेला का?

शनिवारची आत्या:
काल कोथरूडकरांनी लिहिलं, "ज्याने एकदा पुडी हातात घेतली त्याचा पोरावरचा हक्क संपला. फॅमिली कोर्टाने लघवी तपासावी, फाईल बंद करावी." रात्रभर डोक्यातून गेलं नाही, म्हणून लिहितेय.

माझा भाऊ एमडीच्या, म्हणजे मेफेड्रोन ड्रगच्या नादी लागला. वहिनी लेकीला घेऊन माहेरी गेली, बरोबरच केलं. आता त्याचं व्यसन सुटून चौदा महिने झालेत. दुसऱ्या-चौथ्या शनिवारी कोर्टातल्या मुलांच्या खोलीत दोन तास भेट असते. भाची सात वर्षांची. आली की आधी त्याचे खिसे तपासते. बसचं तिकीट, कंगवा, रुमाल, सगळं टेबलावर मांडते. तो हात वर करून उभा. मग म्हणते, "चल, सापशिडी." यातली कुठली फाईल बंद करू?

कोथरूडकर:
वाईट वाटलं वाचून. पण ताई, सात वर्षांच्या पोरीला बापाची झडती घ्यावी लागते! माझीच बाजू मांडलीत तुम्ही.

काळा कोट:
1890चा पालक व पाल्य कायदा घ्या नाहीतर 1956चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, दोन्हींत बघायचं ते मुलाचं हित. व्यसनी म्हणून आपोआप बाद, असं कुठेच नाही. आणि लघवीचं कौतुक पुरे. एमडी लघवीत जेमतेम दोन-चार दिवस दिसतं, तारीख पडते महिन्याने. केसात तीनेक महिन्यांचा हिशोब राहतो, पण केस मागितले की पक्षकार चकोट करून हजर. (माझाच होता.) शिवाय हल्ली ज्यात नवऱ्याला 'व्यसनी' म्हटलेलं नाही असा एक अर्ज दाखवा. एकीने तर सासूची मशेरी जोडली होती.

पन्नी:
हसा मशेरीवर. मी त्या पोरीच्या जागी होते. 1988, मुंबई, वडील गर्दवाले. कॅडबरीची चांदी मी नखाने सपाट करून त्यांना द्यायचे. मला वाटायचं, आकाशकंदिलाला लावतील. चार वेळा सुटून आले, दर वेळी आईने पेढे वाटले. चौथ्या वेळचे कुणी घेतले नाहीत. वकीलसाहेब, मुलाचं हित मुलाला कोणी विचारतं का?

काळा कोट:
समज असलेल्या मुलाचं मत कोर्ट विचारात घेऊ शकतं, कलम 17.

पन्नी:
'घेऊ शकतं'. कळलं.

नागपूरचा नाना:
पण रोज क्वार्टर मारणारा बाप सगळ्यांना चालते! त्याची कोण तपासते लघवी?

कोथरूडकर:
नाना, दारू कायदेशीर आहे.

नागपूरचा नाना:
महाराष्ट्रात 1949चा दारूबंदी कायदा अजून आहे. प्यायला परवाना लागते. आहे का तुमच्याकडे?

कोथरूडकर:
आहे. आजीवन. फोटो टाकू?

नागपूरचा नाना:
टाकाच. आन् तुमच्या गल्लीतल्या बाकीच्यांचेबी टाका.

लंडनवासी:
परवाने राहू द्या. इथे 2008पासून व्यसनी आईबापांसाठी वेगळं कोर्ट चालतं. तोच न्यायाधीश दर पंधरा दिवसांनी आईबापांशी वकिलांशिवाय बोलतो, शेजारी उपचारांची टीम. मूल परत द्यायचं की नाही, ते त्यातून ठरतं.

काळा कोट:
छान. आमच्या केसला तीन वर्षांत चौथे साहेब आलेत. आणि तिकडे समोर सरकार असतं, इकडे नवरा विरुद्ध बायको. तरी समुपदेशकाने दर पंधरवड्याला बसवावं, एवढं मान्य. वकिलांशिवाय बसवणार असाल तर माझ्या पोटाचं बघा.

कोथरूडकर:
बरं, 'हक्क संपला' हे जरा जास्त झालं. भेट द्या. ताबा नको.

शनिवारची आत्या:
ताबा मागितलाय कुणी? वाचता तरी का?

पन्नी:
आत्या, एकच विचारते. उद्या स्लिप झाला, पुन्हा घेतलं, तर भाचीला कोण सांगणार?

शनिवारची आत्या:
या चौदा महिन्यांआधी झाला होता एकदा. त्या शनिवारी तो आलाच नाही. ती दोन तास सोंगट्या लावून बसली होती. वहिनीला मी सांगितलं, त्याला ताप आहे.

पन्नी:
आईपण तापच सांगायची.

कोथरूडकर:
परवान्याचा फोटो टाकलाय. नाना, आता बोला.