दोन लाख भरून आफ्रिकेत सिंहाची पिल्लं सांभाळायला जायचं? मला तरी पटत नाही

टिळकवाडीकर

भाची इथंच बेळगावात बीएस्सी झूलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. परीक्षा झाली की साऊथ आफ्रिकेला 'वाइल्डलाइफ व्हॉलंटियर' म्हणून जायचं असं तिनं डोक्यात घेतलंय. काम काय, तर सिंहाच्या पिल्लांना बाटलीनं दूध पाजायचं, पिंजरे धुवायचे आणि संध्याकाळी जरा मोठ्या झालेल्या सिंहांबरोबर फिरायला जायचं. आणि पगार वगैरे काही नाही हं, उलट हीच त्यांना पैसे देणार, तिकीट व्हिसा राहणं सगळं धरून दोन लाखाच्या वर. एजन्सीचं माहितीपत्रक असं चकचकीत आहे की बघून मलाच जावंसं वाटलं!

घरात दोन पार्ट्या झाल्यात. माझं मत सरळ आहे, हे श्रीमंतांच्या पोरांचं फॅड आहे, पैसे देऊन दुसऱ्याच्या अंगणात झाडलोट करायची आणि फोटो टाकायचे. प्राणीच वाचवायचे तर भीमगड इथनं दीड तासावर आहे. म्हादई उगम पावते ते जंगल, २०११ ला अभयारण्य झालं, वाघ अस्वल गवे सगळं आहे, आणि बारापेडेच्या गुहेतलं ते रॉटनचं वटवाघूळ तर कित्येक दशकं जगात दुसरीकडं कुठं असल्याचं माहीतच नव्हतं. आपल्यातल्या किती जणांना हे ठाऊक आहे? आपण चोर्ल्यातनं गोव्याला जाताना कणकुंबीला चहा पितो आणि पुढं सुटतो, बस्स.

तुम्हाला काय वाटतं ते बिनधास्त लिहा.

शहापूरची अक्का

काका, नाही पटलं. मी थायलंडला चियांग माईजवळ हत्तींच्या एका आश्रयस्थानात राहून आलेय, पैसे भरूनच, त्यामुळं फॅडवाल्यांत मलाही धरा. सकाळी उठून कलिंगडं धुवायची, भोपळे चिरायचे, शेण भरून ट्रॉलीत टाकायचं, दुपारी चाऱ्याची गाडी आली की ती उतरायची. हत्तीवर बसणं नाही, त्याला आंघोळ घालणं नाही, लांबनंच बघायचं. फोटोत दाखवण्यासारखं खरंतर काहीच नव्हतं, पाठ मात्र मोडली.

तिथं हत्ती एवढे का साचलेत हे आधी बघा. थायलंडमध्ये १९८९ ला जंगलतोडीवर बंदी आली, आणि लाकडं ओढणारे हत्ती आणि त्यांचे माहूत एका झटक्यात बेकार झाले. मग कुठं जायचं त्यांनी? रस्त्यावर भीक मागायला, नाहीतर टुरिस्टना पाठीवर बसवायला. त्यातल्या म्हाताऱ्या, आंधळ्या, सुरुंगावर पाय पडून अधू झालेल्या हत्तींना कोण पोसणार? एका हत्तीला दिवसाला दीडशे किलोच्या आसपास चारा लागतो. तो माझ्यासारखीनं भरलेल्या पैशातनंच येतो, सरकार देत नाही.

आणि एक विचारते. आग्र्याला नाचवणाऱ्या अस्वलांना सोडवून ठेवलंय, मथुरेला मिरवणुकीतल्या आणि भीक मागायला लावलेल्या हत्तींना ठेवलंय, तिथं परदेशी पोरं पैसे भरून येऊन राबतात. ते आले की आपण कौतुक करतो, आणि आपली पोरगी बाहेर निघाली की लगेच फॅड?

जनावरांचा डॉक्टर

अक्कांचं हत्तींचं खरं आहे, पण मूळ प्रश्न सिंहाच्या पिल्लांचा आहे आणि ती गोष्टच वेगळी आहे. टिळकवाडीकर, भाचीला आधी हे वाचायला द्या.

जंगलात सिंहीण पिल्लांना दीड-दोन वर्षं सांभाळते, तोवर सहसा पुढची वीण नाही. पिल्लू आठवड्याभरात काढून घेतलं की ती लवकरच पुन्हा माजावर येते. म्हणजे 'अनाथ' पिल्लं मिळत राहतात! ती बाटलीवर वाढवायला व्हॉलंटियर, वरनं त्यांच्याकडनंच पैसे. जरा मोठी झाली की टुरिस्टबरोबर फिरायला न्यायची. त्याच्यापुढं ती धोक्याची होतात, मग कुंपणात सोडून शिकाऱ्याला मारायला द्यायची, आणि हाडं लाओस-व्हिएतनामकडं. २०१७ ला साऊथ आफ्रिकेनं एका वर्षासाठी ८०० सांगाड्यांचा निर्यात कोटा अधिकृत जाहीर केला होता, मी काही ऐकीव सांगत नाही. तिथं पिंजऱ्यातले सिंह ८ ते १२ हजार धरतात, जंगलातल्यापेक्षा कितीतरी जास्त. २०२१ ला त्यांच्याच सरकारनं हा धंदा बंद करायचं धोरण जाहीर केलं, पण जाहीर होणं आणि बंद होणं ह्यात किती अंतर असतं ते आपल्याला सांगायला नको.

सगळीच केंद्रं असली आहेत असं म्हणत नाही. पण माणसाच्या हातावर वाढलेला सिंह जंगलात सोडत नाहीत, त्याला माणसाची भीतीच उरलेली नसते. त्यामुळं 'पिल्लू मोठं करून जंगलात सोडतो' असं त्या माहितीपत्रकात असेल तर तिथंच थांबायचं. एजन्सीला एवढंच विचारा, तीन वर्षांपूर्वीची पिल्लं आज कुठं आहेत?

बोर्निओत ओरांगउटानच्या चांगल्या केंद्रांत व्हॉलंटियरला पिल्लाला हातसुद्धा लावू देत नाहीत. आपली सर्दी त्यांना न्यूमोनिया होऊन मारू शकते. आधी टीबीची टेस्ट मागतात, मास्क लावायला लावतात, आणि मग काम देतात पिंजऱ्याबाहेर मचाण बांधायचं. कंटाळवाणं काम देणारी जागा बहुतेक वेळा खरी असते, हा माझा आपला आडाखा.

खानापूरवाला

वाचूलालोय मघापासनं. तुमी सगळी शाणी माणसं. आमच्याकडं दांडेलीच्या बाजूनं हत्ती येतात, भात पोटरीला आलं की हजर. एका रात्रीत एकराचं निस्तं चिखल करून जातात. गवे तर बारमाही. अस्वलानं फाडलेली माणसं बघितल्यात काय तुमी कधी? आमी बघितल्यात. भरपाईचा अर्ज कन्नडात, लिहून द्यायला एकाला पैसे, झेरॉक्सला पैसे, मग पंचनाम्याला साहेब येईस्तोवर भात कुजतंय.

२०२३ च्या गणतीत कर्नाटकात ६,३९५ हत्ती निघाले, देशात पयला नंबर म्हणून पेपरात फोटो. असूंदे की, चांगलंच हाय. पण त्या नंबराचं खाणं कोण घालतंय? आमीच की.

पोरीला म्हणावं दोन लाख राहूंदे, सुगीत आमच्या शेतावर ये, रात्रभर माळ्यावर बसून डबा वाजव. जेवण आमच्याकडं, फुकट.

निपाणीकर

खानापूरवाले, १००% बरोबर.

अक्का, तुम्ही थायलंडच्या हत्तींचं एवढं सांगितलंत, पण जुलै २०२५ ला कोल्हापूरकडच्या नांदणीच्या जैन मठातनं महादेवी हत्तीण गेली तेव्हा काय झालं ते आठवतंय ना? कोर्टाचा आदेश होता, 'हत्तिणीच्या भल्यासाठी' म्हणून गुजरातला अंबानींच्या वनतारा प्राणीकेंद्रात नेली. आमच्या भागातली माणसं ढसाढसा रडली, मोर्चे निघाले, अंबानींचं म्हणून जिओची सिमकार्डं पोर्ट केली लोकांनी. तीस-बत्तीस वर्षं गावानं सांभाळलेली हत्तीण बाहेरचे येऊन 'आम्हाला जास्त कळतंय' म्हणून घेऊन जातात, आणि हे परदेशी व्हॉलंटियर प्रकरण मला त्याच जातीचं वाटतं. लांबनं यायचं आणि स्थानिकांना शिकवायचं.

शहापूरची अक्का

निपाणीकर, रडलेली माणसं खरी होती, मी नाही म्हणत नाही, माझ्या माहेरचेही मोर्च्यात होते. पण हत्तिणीच्या पायाच्या जखमा आणि सांधेदुखीही कोर्टापुढं आलीच होती ना? प्रेम आहे म्हणून काँक्रीटवर साखळीत उभं केलेल्या जनावराचे पाय दुखायचे थांबत नाहीत. ह्यावर बोललं की आपल्याकडं लगेच धर्मावर जातं, म्हणून इथंच सोडते.

निपाणीकर

सोडा मग. तुम्हीच धर्म काढला, मी नव्हता काढला.

कॅम्पातला

भांडू नका हो. माझा मुद्दा वेगळाच. 'परदेशात जाऊन काय उपयोग' असं सरसकट म्हणणाऱ्यांनी कोस्टा रिकाचं तोर्तुगेरो बघावं. तिथं समुद्री कासवांवर १९५० च्या दशकापासून काम चाललंय. व्हॉलंटियर रात्री किनाऱ्यावर लाल लाईट घेऊन फिरतात, अंडी मोजतात, पाठीचं माप घेतात, घरटं कुठं आहे ते लिहून ठेवतात, वर्षानुवर्षं तेच. एवढी वर्षं जमलेल्या नोंदींमुळंच कासवं वाढली की घटली ते आज सांगता येतं. त्यात पूर्वी अंडी विकणारं गावच आता गाईड म्हणून जगतंय.

पण तिथं जायला पोटात गोळा आणणारा खर्च आहे, व्हिसाची भानगड वेगळी. आणि हेच काम कोकणात वेळासला चालतं, २००२ पासून, चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं चालू केलेलं, पाहुणे गावातल्या घरांतच राहतात. त्याच्याही जवळ, गोव्यात मोरजी, आगोंद, गालजीबागला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात आणि वनखातं घरट्यांना कुंपण करतं. आपण बेळगाववाले दर शनिवारी त्याच किनाऱ्यावर गाडीचे हेडलाईट लावून बसतो!

टिळकवाडीकर, भीमगडबद्दल मात्र तुमच्याशी असहमत. तिथं परवानगीशिवाय आत जाता येत नाही, वन्यजीव कायदा १९७२ चा आहे, आणि बारापेडेला तर कुणी न जाणं हीच त्या वटवाघळांना मदत. बॅटऱ्या घेऊन गुहेत घुसणारे उत्साही आपल्याकडं काय कमी आहेत? 'इथंच जंगल आहे की' म्हणणं सोपं, पण तुमच्या भाचीनं उद्या जाऊन फॉरेस्टवाल्यांना 'मला काम द्या' म्हटलं तर काय देतील? हत्ती गणतीला, व्याघ्रगणनेला व्हॉलंटियर घेतात कधीमधी, पण ते काही दिवसांचं. जखमी जनावर कसं हाताळायचं हे शिकायची सोय बेळगावात सांगा, मी लगेच माघार घेतो. ऑगस्ट २०२२ ला गोल्फ कोर्सवर बिबट्या आला तर शाळा बंद केल्या, शिमोग्याजवळच्या सक्रेबैलूच्या हत्ती कॅम्पातनं हत्ती मागवले, सगळं शहर महिनाभर नाचलं आणि बिबट्या काय सापडला नाही. त्या वेळी गावात चार ट्रेंड माणसं असती तर?

टिळकवाडीकर

बिबट्याचं बोललात, आमच्या गल्लीत तर रोज एकाला दिसायचा.

डॉक्टर, तुमचा प्रश्न एजन्सीला विचारला. उत्तर आलं, 'मोठे झाल्यावर खासगी रिझर्व्हला जातात'. कुठल्या, ते सांगत नाहीत. परत विचारलं तर डिस्काऊंट देतो म्हणाले, १० टक्के.

पण अक्कांशी मी अजून सहमत नाही. चाऱ्याचे पैसे तुमच्यामुळं येतात म्हणता, मग २०२० ला कोविडमध्ये टुरिस्ट बंद झाले तेव्हा त्याच थायलंडमध्ये हत्ती उपाशी पडले, माहूत त्यांना चालवत शंभर-शंभर किलोमीटर गावाकडं घेऊन गेले, हे तर बातम्यांत होतं. पाहुण्यांच्या पाकिटावर जगवलेला प्राणी वाचवला म्हणायचा की टांगणीला लावला?

शहापूरची अक्का

टांगणीला आहेच, मान्य. पण दुसरा कुणी पैसे देणारा दाखवा ना. तोवर उपाशी ठेवायचे का? काका, तुम्ही प्रश्न छान विचारता, पण प्रत्येक प्रश्नाचा शेवट 'म्हणून पोरीनं घरी बसावं' इथंच होतो. आणि ती आहे कुठं? सगळे तिच्याबद्दल बोलूलालेत, तिलाच बोलवा की.

भाची

आलेय. मामा, धागा काढलास ते सांगितलंही नाहीस, मैत्रिणीनं लिंक पाठवली.

पहिली गोष्ट, दोन लाख 'घरचे' नाहीत, त्यातले बरेचसे माझ्या ट्यूशनचे आहेत, ते तू लिहिलं नाहीस. दुसरं, मला सिंहाला दूध पाजायचा काही सोस नाही. मला जखम कशी बांधतात, बेशुद्ध केलेल्या जनावराचा श्वास कसा बघतात, ते शिकायचंय, आणि त्या माहितीपत्रकात शेवटच्या पानावर व्हेटबरोबर काम असं लिहिलं होतं म्हणून मी ते धरलं. डॉक्टरकाकांचं वाचून सिंहाचं कॅन्सल केलं, डिस्काऊंटसकट. मथुरेला हत्तींच्या इथं आधी अर्ज करते, बाहेरचं नंतर बघू. पण 'नंतर' म्हणजे 'नाही' असं कुणी समजू नका. कॅम्पातल्या दादांनी विचारलेला प्रश्न बरोबर आहे, इथं शिकायची सोय असती तर मी एजन्सीच्या नादाला लागले असते का?

खानापूरवाले काका, माळ्यावर बसायला यायला मी तयार आहे, खरंच. आईला विचारायचं काम तुमचं.

खानापूरवाला

ये की बाळ. आईचा नंबर इथं टाकू नको, मामाकडं दे. आणि डबा न्हाई, आता फटाके वाजवतोय आमी, डब्याला हत्ती भीत न्हाईत.

जनावरांचा डॉक्टर

फटाक्यांनाही थोड्या दिवसांत भीत नाहीत. जवळ जाऊन लावू नका आणि सुतळी बॉम्ब तर अजिबात नको, चवताळला की माळा पाडतो. त्यावर वेगळा धागा काढा.