स्वभाव कधी दिसू लागला? दीड ते तीन वर्षांच्या मुलांचे अनुभव

लेक अडीच वर्षांची झाली. वजन, उंची, लशींच्या तारखा कार्डावर आहेत आणि अडलं तर विचारायला डॉक्टर आहेत. मला बोलायचंय ते कार्डावर न मावणाऱ्या गोष्टीबद्दल. हे माणूस आहे तरी कसं?

बागेत घसरगुंडीपाशी नेलं की ती आधी कठड्याला टेकून उभी राहते. कोण कुठून चढतंय, कोण ढकलतंय, खाली आल्यावर कोणाची आई उचलून घेतेय, सगळं पाहते. मग कोणी न सांगता जाऊन चढते, आणि एकदा चढली की अंधार पडेपर्यंत घरी यायचं नाव नाही. सुरुवातीची दहा मिनिटं पाहणारे म्हणतात, "लाजाळू दिसतेय." मला ते पटत नाही. नवी भाजी, नवा पाहुणा, नवी चप्पल, सगळ्यांशी तिचं असंच आहे. आधी अंदाज घ्यायचा, मग मनापासून.

अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या मानसोपचारतज्ज्ञ जोडप्याने १९५६ पासून न्यूयॉर्कमध्ये शंभराहून अधिक मुलांचा तान्हेपणापासून अभ्यास केला. त्यात सावकाश रुळणाऱ्या मुलांचा वेगळा गटच होता, साधारण १५ टक्क्यांचा. मला त्यांचं सर्वांत मोलाचं वाटलेलं म्हणणं असं, की कुठलाही स्वभाव मुळात चांगला किंवा वाईट नसतो. मुलाचा स्वभाव आणि घरच्यांच्या अपेक्षा एकमेकांशी जुळतात का, यावर पुढचं बरंच अवलंबून असतं.

तुमच्याकडे काय दिसलं? थोडं लिहा, भरपूर लिहा, पण प्रसंगासकट लिहा. नुसत्या "हुशार", "खोडकर"ने मूल डोळ्यांसमोर येत नाही.

(आई, पुणे)

*

ताई, आमचं पोरगं वीस महिन्यांचं. घरी म्हशी आहेत. पहाटे धारेला मी उठलो की ह्याला जाग येतीच. वैरण टाकायची तर ह्यानंच, मूठभर का असंना. हातात भाकरी दिली की तुकडा आधी म्हशीला, मग स्वतःला. हे कुणी शिकवलेलं नाही.

दुसरं म्हणजे, सगळं "मी, मी". चड्डीच्या एकाच पायात दोन्ही पाय घालतंय, पडतंय, पण हात लावू देत नाही. लावलाच तर सगळं काढून परत पहिल्यापासून. आजी म्हणती, हट्टी आहे. मला तसं वाटत नाही. खेळणं मागून हट्ट करणारी पोरं वेगळी. ह्याला काही मागायचंच नसतं, करायचं असतं. डेअरीत दूध घालायची वेळ ठरलेली, म्हणून आता मीच जरा लवकर उठतो, म्हणजे त्याची चड्डी त्याला घालता येती.

(बाबा, कोल्हापूरजवळचं गाव)

*

माझ्या मुली जुळ्या, पावणेतीन वर्षांच्या, दिसायला इतक्या सारख्या की शेजारी अजून चुकतात. एकच घर, एकच वरण-भात, तेच आई-बाबा. कुकरची शिट्टी झाली की एक धावत स्वयंपाकघरात येऊन तश्शीच शिट्टी वाजवायचा प्रयत्न करते, दुसरी कानांवर हात ठेवून आजोबांच्या मांडीत शिरते. एकीला भात कालवून लागतो. दुसरीच्या ताटात वरणाचा ओघळ भाताला लागला तरी ताट बाजूला सरतं.

"आम्ही असं वळण लावलं म्हणून मूल असं झालं" हे वाक्य मी आता ऐकून घेते, पण माझा त्यावर विश्वास राहिलेला नाही. वळणाने बरंच होतं, पण मुली आपापला स्वभाव घेऊन आल्या होत्या.

(जुळ्यांची आई, नाशिक)

*

लेक-जावई दोघंही नोकरीवर, म्हणून नातू दिवसभर माझ्यापाशी. यंदा संक्रांतीनंतर त्याचं बोरन्हाण केलं. काळं झबलं, हलव्याचे दागिने, सगळं हौसेनं. डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे ओतले तशी बाकीची पोरं तुटून पडली. हा मधोमध बसला आणि बोरं एकीकडे, करवे दुसरीकडे असं लावत बसला. कुणी उचलून नेलं तरी रडला नाही, उरलेलं पुन्हा नीट मांडलं.

त्याची आई लहानपणी शेंगा सोलताना दाणे मोठे-बारीक असे वेगळे करायची. मला भरून आलं. पण "अगदी आईवर गेलाय" हे मी त्याच्यासमोर फार म्हणत नाही. आज असा आहे, उद्या आणखी काही निघेल, त्याला मोकळं असू द्यावं.

(आजी, अमरावती)

*

मी अंगणवाडी सेविका आहे आणि दोन मुलांची आई. पहिल्या ताईंनी कार्ड बाजूला ठेवलं, पण मला त्याबद्दलच थोडं लिहायचंय, कारण स्वभाव आणि तब्येत मला वेगळी काढता येत नाहीत.

तीन वर्षांखालची मुलं आमच्याकडे आईबरोबर वजनाला येतात. वजनकाटा पाहिला की कोण भोकाड पसरतं, कोण पुन्हा पुन्हा चढतं, कोण काट्याचा आकडा बोटाने पुसायला बघतं. पण एखादं मूल काहीच करत नाही. ठेवलं तिथे बसतं, उचललं की येतं. आई कौतुकाने सांगते, "फार गुणी आहे, अजिबात त्रास देत नाही." अशा मुलाचा दंडघेर मी आधी मोजते. सहा महिने ते पाच वर्षं वयात पट्टी ११.५ सेंटिमीटरच्या खाली गेली तर ते तीव्र कुपोषण, ११.५ ते १२.५ मध्यम. कधी पट्टी हिरव्यात येते, म्हणजे माप ठीक असतं, पण डोळ्यांच्या पापण्या आतून फिकट दिसतात, मग रक्त तपासायला आरोग्य केंद्रात पाठवते.

अशी एक मुलगी होती. सगळे तिला शांत म्हणायचे. उपचार आणि आहार सुरू झाला, अंगावर धरू लागली आणि काही महिन्यांत तिने आमच्या अंगणवाडीतले सगळे ठोकळे ओट्यावरून खाली फेकले. मला इतका आनंद झाला! तिची आई मात्र गोंधळून विचारत होती, "बाई, ही बिघडली का?" मी म्हटलं, बिघडली नाही, हीच तुमची पोरगी. भुकेल्या अंगात स्वभावाला डोकं वर काढायला जागा नसते. म्हणून मैत्रिणींनो, शांत मूल शांतच असेल, तर छान. पण ते खेळतं का, नवीन वस्तूकडे हात जातो का, हसतं का, एवढं नक्की पाहा.

(सेविका, पालघर जिल्हा)

*

आम्ही जर्मनीत, स्टुटगार्टला. मुलगा पुण्याच्या ताईंच्या लेकीसारखाच, आधी पाहणारा. इथल्या पाळणाघरात, म्हणजे किटामध्ये, मूल रुळेपर्यंत आई किंवा बाबांनी सोबत बसायचं असतं. आधी सगळा वेळ आपण खोलीत, मग काही मिनिटं बाहेर, मग हळूहळू जास्त. किती दिवस लागतील हे मुलावर सोडलेलं असतं. आमच्याबरोबर सुरू झालेली मुलं पुढे गेली, हा माझा कुर्ता धरून बसलेला. तिथल्या बाईंनी एकदाही घाई केली नाही. एक दिवस तो स्वतः उठून वाळूत गेला आणि मागे वळून मला म्हणाला, "आई, तू जा." आता झोक्यावर ओरडतो, "आई, नोखमाल झोका!" नोखमाल म्हणजे जर्मनमध्ये 'पुन्हा एकदा'. दोन्ही भाषा एका वाक्यात, या वयात ते अगदी नेहमीचं आहे, काळजी करू नका.

(आई, स्टुटगार्ट)

*

आमचा मुलगा दोन वर्षांचा झाला तरी बोलत नव्हता. पण स्वभाव बोलण्यासाठी थांबत नाही. बाहेर जायचं असलं की माझ्या चपला आणून माझ्या पायांपाशी जोडीने ठेवायचा, उजवी उजवीकडे. मी फोनवर चिडून बोलत असलो की येऊन गुडघ्यावर हात ठेवायचा. शब्द नव्हते, समज होती आणि माया होती.

तरीही "मुलगे उशिराच बोलतात" यावर विसंबू नका. दोन वर्षांपर्यंत "पाणी दे", "बाबा ये" असे दोन शब्द जोडून येत नसतील तर ऐकणं तपासून घ्या आणि वाचा उपचारतज्ज्ञांना भेटा. आम्ही दोन्ही केलं. कान उत्तम निघाले, उपचारांनी बोलणं सुरू झालं. आता तो चपला आणतो आणि वर "चला बाबा" असा हुकूमही सोडतो.

(बाबा, ठाणे)

*

सगळ्यांचे मनापासून आभार. सेविकाताई, तुमचं लिहिणं मी दोनदा वाचलं आणि आमच्या कार्डावरच्या नोंदी आज पुन्हा नीट पाहिल्या. लेकीचं वजन व्यवस्थित आहे.

आता एक विचारते. धाकटं भावंड आल्यावर थोरल्याचा स्वभाव बदलला का, की होता तोच जास्त ठळक झाला? माझी प्रसूती पुढच्या महिन्यात आहे. आमच्या लेकीला नव्या बाळाचा अंदाज घ्यायला वेळ लागणार हे उघड आहे, आणि तो वेळ घरात पाहुण्यांची गर्दी असताना तिला कसा द्यायचा, हे ज्यांनी केलंय त्यांनी सविस्तर लिहा.

(आई, पुणे)